ऑफिसमध्ये धान्य गोळा करतायत आणि आमच्याच घरी महिना पुरत नाहीये, किती द्यावं?

बदलापूरकरीण

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. मी अंधेरी ईस्टला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. २ ते ८ ऑक्टोबर दान उत्सव असतो तेव्हा आमच्याकडे दरवर्षी धान्य गोळा करतात, लिफ्टच्या बाजूला मोठे निळे ड्रम ठेवतात आणि ज्याला जे जमेल ते त्याने आणून टाकायचं. इतकी वर्षं मी मनापासून दिलंय, पाच किलो तांदूळ आणि डाळ ठरलेली, नवरा बाईकवरून स्टेशनपर्यंत पिशवी आणून द्यायचा आणि मी लेडीज डब्यात पायाशी ठेवून न्यायची.

यंदा एप्रिलमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. अजून दुसरी लागलेली नाही, मधे मधे थोडीफार कामं मिळतात तेवढीच. माझं इन्क्रिमेंट झालं नाही, ऑफिसात कोणाचंच झालं नाही, आणि जूनमध्ये तर आमच्याच मजल्यावरची चौदा माणसं कमी केली. घराचा हप्ता, मुलाची फी, ट्रेनचा पास हे काही थांबत नाही. चार महिने झाले मी वरणाला अर्धी तूर अर्धी मसूर लावतेय, सासूबाईंच्या लक्षात आलंय पण त्या काही बोलत नाहीत.

आणि नेमकं यंदाच एचआरने एक शीट बनवलीय. नाव, मजला, काय आणलं, किती किलो. सगळ्यांना दिसते. कुठला मजला पुढे आहे ते रोज संध्याकाळी ग्रुपवर टाकतात. किटही ठरवून दिलंय, ५ किलो तांदूळ, १ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, १ किलो साखर, पाव किलो चहा पावडर. आमच्या वाण्याला विचारलं तर साडेसातशेच्या आसपास जातंय. माझ्या नावापुढची ओळ तीन दिवस रिकामी आहे आणि काल टीम लीडने सगळ्यांसमोर विचारलं, "अगं तुझंच राहिलंय का?" माणूस वाईट नाही तो, सहज विचारलं त्याने, पण मला उत्तरच देता आलं नाही, हो हो उद्या आणते म्हटलं आणि वॉशरूमला निघून गेले.

द्यायचं नाही असं नाहीये हो. माझी आई दळण करायला बसली की आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची, दारी येणाऱ्यासाठी, आणि तिच्याकडेही काही फार नव्हतं. पण ती मूठ कोणी मोजत नव्हतं ना.

अजून एक. काल संध्याकाळी ड्रमजवळ आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशी लादी पुसत होत्या, त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, हे सगळं कुठं जातं?" मी म्हटलं संस्थेला देतात, गरजूंना. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पुसत पुढे गेल्या. ते "बरं" काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये.

तर एक किलो काहीतरी दिलं तर चालेल का? शीटमध्ये काय लिहू? की यंदा सरळ नाही म्हणू?

मीठभाकर

ताई एक किलो काय अर्धा किलो दिलंत तरी चालेल आणि नाही दिलंत तरी चालेल. पण उसनवारी करून किंवा क्रेडिट कार्डावर किट घेऊन देऊ नका, प्लीज. मी एका वर्षी तसं केलंय, नंतर दोन महिने स्वतःवर चिडत होतो.

ॲडमिनकर

मी बारा वर्षं वेगवेगळ्या ऑफिसांत ॲडमिनला काढली आणि हे असले ड्राइव्ह मीच चालवलेत, त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगतो. ती शीट कोणी वाईट हेतूने बनवत नाही. होतं असं की संस्थेचा टेम्पो ८ तारखेला येणार असतो, किती माल आहे ते त्यांना आधी कळवावं लागतं, म्हणून कोणीतरी एक्सेल उघडतो, मग त्यात नाव टाकतो, मग कोणाला तरी वाटतं मजल्यांची स्पर्धा लावली तर जास्त जमेल. जास्त जमतंही. आमच्याकडे एका वर्षी दीडपट जमलं आणि त्याच वर्षी पॅन्ट्रीच्या पोराने मला येऊन विचारलं की साहेब माझ्या नावापुढे शून्य दिसतंय, ते काढता येईल का. तो पोरगा कॉन्ट्रॅक्टवर, त्याचं नाव त्या यादीत असायचंच कारण नव्हतं. त्या दिवशी मी नावाचा कॉलम काढला आणि परत कधी घातला नाही. संस्थेला फक्त आकडा लागतो, एकूण किती किलो, बस. तो ८ तारखेला वजनकाट्यावर कळतोच.

म्हणून माझा सल्ला, एचआरला नको, ॲडमिनच्या माणसाला गाठा. त्याला सांगा नावं काढ, टोटल ठेव. आपली परिस्थिती त्याला सांगायची काही गरज नाही, एवढंच म्हणा की यंदा बऱ्याच जणांची ओढाताण चाललीय, चौदा माणसं गेलीत, नावं बरी दिसत नाहीत. त्याला पटेल, त्यालाही पगार तोच आहे.

आणि एक सगळ्यांसाठीच सांगतो, कारण यात बराच गोंधळ असतो. कंपनीचा सीएसआर म्हणजे मोठ्या कंपनीने कायद्याने समाजकामावर घालायचे स्वतःच्या नफ्यातले २ टक्के, तुमच्या पिशवीतला तांदूळ त्यात मोजत नाहीत. धान्य किंवा वस्तू दिल्या तर ८०जी मध्येही, म्हणजे देणगीवरच्या इन्कम टॅक्स सवलतीतही, काही मिळत नाही, ती सवलत पैशाच्या देणगीला, तीही २००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर विषयच संपला. म्हणजे हे जे तुम्ही देताय ते निव्वळ तुमचं, तुमच्या खिशातलं. तेव्हा किती द्यायचं तेही तुम्हीच ठरवायचं, टीम लीडने नाही. उलट मॅनेजमेंटला विचारा की कर्मचाऱ्यांनी जेवढं जमवलं तेवढंच कंपनी वरून घालणार का. आमच्या एका साहेबांनी घातलं होतं, तेलाचे ६० डबे, कसलाही गाजावाजा न करता.

रविवारची_पाळी

मी सायनच्या बाजूला एका संस्थेच्या हॉलमध्ये रविवारी धान्य निवडायला जाते, ऑफिसांतून सोसायट्यांतून जे येतं ते वेगळं करायचं, पाकिटं बांधायची. बदलापूरकरीण, तुम्ही विचारलंत एक किलो काहीतरी चालेल का, तर ते काहीतरी म्हणजे काय हे मला तुम्हाला नीट सांगायचंय, कारण किलोपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

तांदूळ ढिगाने येतो. प्रत्येक ऑफिसातून तांदूळ, कारण पाच किलोची पिशवी दिसायला भरलेली दिसते आणि शीटमध्ये आकडा मोठा येतो. पण ज्या घरांत हे जातं त्यातल्या बऱ्याच जणांकडे रेशन कार्ड असतं. पिवळं किंवा प्राधान्य गटातलं केशरी असेल तर रेशनवर गहू तांदूळ मिळतो, महिन्याला प्राधान्यवाल्यांना माणशी ५ किलो, अंत्योदयवाल्यांना (म्हणजे पिवळ्या कार्डवाल्यांना) कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तो फुकट आहे. म्हणजे भात होतो हो घरात. भातावर घालायला काही नसतं. डाळ विकतच आणायची, तेल विकतच. २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत आनंदाचा शिधा दिला होता, रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल, तेव्हा आमच्या भागातल्या बायका तेलाच्या पिशवीसाठी दोन दोनदा दुकानावर चकरा मारत होत्या. तेल आलं का, एवढंच विचारायच्या.

तर डाळ द्या. आणि तूरच पाहिजे असं काही नाही. मसूर द्या, मूगडाळ द्या, पटकन शिजते. राजमा, छोले, अख्खे हरभरे येतात आमच्याकडे चांगल्या महागाच्या पाकिटातले, पण पाच किलोचा छोटा सिलिंडर भरून आणणारी बाई सात आठ शिट्ट्या कुठून काढणार, ती ते बाजूला ठेवते. तुम्ही घरी जी मसूर लावताय ना तीच एक किलो आणा, ती आमच्या हॉलमधून पहिली उचलली जाते, खरंच सांगते.

मीठ कोणी देत नाही. हळद तिखट कोणी देत नाही. अंगाचा साबण, कपड्याचा साबण, पॅड्स नाहीत. मागच्या खेपेला एका ऑफिसातून २०० किलो तांदूळ आला आणि मिठाची पाकिटं फक्त तीन.

आणि रव्याबद्दल बोलायचंच आहे मला. दर रविवारी निदान आठ दहा पाकिटं अशी निघतात की उन्हासमोर धरलं की आत जाळी दिसते, रव्याचे गोळे एकमेकांना चिकटलेले, बोटाने फोडलं की बारीक अळी. घर आवरायला काढलं की लोक तेच देतात. उघडून रबर लावलेलं बेसन, तारीख उलटलेल्या नूडल्स, अर्धी कॉफी. ते निवडून टाकायला आमची सकाळ जाते, चार बायका फक्त तारखा बघत बसतो. ज्याच्या घरात तुमच्याएवढी ओढ आहे ना ती बाई कधी जाळी लागलेला रवा देत नाही, ती आपल्या खाण्यातलं देते. हे मी माझ्या टेबलावर बघितलंय म्हणून सांगतेय.

अजून एक, हे सगळं चूल असलेल्या घरांसाठी झालं. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर बाहेरगावची माणसं पेशंटला घेऊन राहतात, कोणी बिहार बंगालकडचं, कोणी आपलं विदर्भातलं, त्यांना डाळ देऊन काय उपयोग, शिजवणार कशावर. तिथे चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं, ओआरएसची पाकिटं लागतात, किंवा शिजवलेलं जेवण. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत यातली बरीच माणसं उतरतात पण जागा तरी किती जणांना पुरणार. तुमची संस्था कुठे देते ते आधी विचारा आणि मग काय आणायचं ते ठरवा. ऑफिसवाले हे कधीच विचारत नाहीत, किट आधीच ठरवून मोकळे होतात.

गिरणगावकर

वरची सगळी उत्तरं वाचली, चांगली आहेत. मी वयाने मोठा असेन, थोडं जुनं सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, लोअर परळला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, पहिले दोन तीन महिने सगळ्यांना वाटत होतं आता मिटेल मग मिटेल, मग वाण्याने वही बंद केली. आईने आमच्या चाळीतल्या दोघी तिघींसारखी खानावळ टाकायचं बघितलं पण खानावळीत जेवायला येणारे तरी कोण, तेही संपातलेच, निम्मे गावाला गेलेले. गावाहून काकांनी तांदळाचं एक पोतं पाठवलं एसटीच्या टपावर टाकून, ते आम्ही गणपतीपर्यंत पुरवलं. आई चिपट्याने मोजायची आणि मोजताना वर चढलेले दाणे बोटाने सपाट करून परत पोत्यात टाकायची, तो हात अजून दिसतो मला.

आमच्या शेजारी एक काकी होत्या, त्यांचे मिस्टर महापालिकेत, म्हणजे त्यांच्याकडे पगार येत होता. त्या आठवड्यातून एकदा यायच्या आणि आईकडे मोठं पातेलं मागायच्या, पाहुणे येणार आहेत म्हणून. दुसऱ्या दिवशी पातेलं परत आणायच्या तर त्यात तळाशी तांदूळ, कधी तूरडाळ, एकदा गूळ आणि शेंगदाणे. आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, तेवढंच म्हणायच्या. एवढं पातेलं लागावं इतके पाहुणे त्यांच्याकडे आलेले आम्ही कधी बघितले नाहीत, त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती, भिंतीतून सगळं ऐकू यायचं. आईला माहीत होतं आणि काकींना माहीत होतं की आईला माहीत आहे. सहा सात महिने ते पातेलं जात येत होतं. आई त्या वेळी कोणाच्या हातून किलोभर तांदूळ घेऊच शकली नसती, ती उपाशी राहिली असती.

म्हणून मला ती शीट वाचून त्रास झाला. देणाऱ्याचं नाव, वजन, मजला.

अजून एक आठवलं. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगसाठी बायका रोज दळताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, माझी आजी तिकडची, तिने सांगितलेलं. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. त्यात गरिबातल्या गरीब घराची मूठ पण असायची. ताई तुमच्या आईचा तो बाजूचा डबा वाचला आणि आजीच आठवली एकदम. तुम्ही एक मूठ घाला, आणि ती सांगू नका कोणाला. आणि तुमच्याकडे कोणी पातेलं मागायला आलं तर या दिवसांत ते द्या, त्यात काय परत येतंय त्याची लाज बाळगू नका.

रात्रपाळी

गिरणगावकर काका, वाचून डोळ्यात पाणी आलं.

मी आता डिलिव्हरी हबवर सुपरवायझर आहे पण त्याआधी सहा वर्षं सिक्युरिटीला होतो, गोरेगावला एका मोठ्या बिल्डिंगमध्ये. दान उत्सवाचे ते ड्रम, ती पोती, टेम्पोत आम्ही चढवायचो. मी, दुसरा गार्ड आणि हाऊसकीपिंगची दोन पोरं. एका वर्षी १४०० किलो चढवलं. आमच्यातल्या एकाच्या घरी तेव्हा खरंच हाल होते, बायको बाळंतीण, पगार कॉन्ट्रॅक्टरने दोन महिने लटकवलेला, आणि तो तेलाची खोकी खांद्यावरून नेत होता. एकाही माणसाच्या मनात आलं नाही की याला विचारावं. मी कोणाला दोष देत नाही, वरच्या मजल्यावरून खाली दिसत नाही तेवढं.

लोकांना वाटतं गार्ड, मावशी, यांना रेशन मिळतच असेल. तसं नाहीये. प्राधान्य गटात बसायला शहरात वर्षाचं उत्पन्न ५९,००० च्या आत पाहिजे. वर्षाचं. म्हणजे महिन्याला पाच हजार पण नाही. बारा तासाची ड्युटी करून ज्याला १४-१५ हजार मिळतात तो कागदावर त्या लाईनच्या वर, मग त्याच्या कार्डावर धान्य नाही, आणि मुंबईत भाडं देऊन उरलेल्यात तो काय खाणार. लॉकडाऊनमध्ये शिवभोजन थाळी १० ची ५ रुपयाला केली होती तेव्हा मी दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, भात घेऊन त्यातली एक चपाती रात्रीसाठी ठेवायचो.

त्याच काळात मी एकदा किट घेतलंय. बॅनरसमोर उभं केलं, पिशवी दोघांनी धरायची, एका बाजूने मी एका बाजूने देणारा, आणि फोटो. धान्य चांगलं होतं, महिनाभर गेलं आमचं, त्याबद्दल मी आजही त्यांना चांगलंच म्हणतो. पण तो फोटो फिरत फिरत माझ्या मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर आला. ती तेव्हा सातवीत होती. तिने मला काही विचारलं नाही, फक्त त्या पिशवीवर नाव छापलेलं होतं ती पिशवी घडी करून कपाटाच्या मागे टाकली.

ताई तुमच्या मावशींनी विचारलं ना कुठं जातं, त्यांना परत विचारा एकट्यात. ड्रमजवळ नको, चहाच्या वेळेला वगैरे. असं विचारा की मावशी तुमच्याकडे रेशन मिळतं का. एवढंच.

ठाणेपलीकडे

मला थोडं वेगळं वाटतं आणि स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ज्या वर्षी चौदा माणसं कमी केली, पगारवाढ नाही, त्या वर्षी कर्मचाऱ्यांकडून साडेसातशेचं किट गोळा करणं हेच मला पटत नाही. त्या चौदांच्या घरी कोणी विचारलं का? धान्य जमवायचंच असेल तर आधी त्यांना फोन करा. मी दोन वर्षांपूर्वी असाच घरी बसलो होतो पाच महिने, ऑफिसातल्या एकाच मित्राचा फोन आला, त्याने विचारलं पोरांच्या फीचं झालं का. त्या फोनने मला जे बळ दिलं ते कुठल्या किटने नसतं दिलं.

रविवारची_पाळी

ठाणेपलीकडे, तुमचं चूक नाही. पण ड्रम बंद झाला तर आमच्या हॉलमध्ये त्या आठवड्यात काहीच येणार नाही हेही खरं आहे. वाईट दिवसांत देणारे कमी होतात आणि रांग वाढते, दोन्ही एकदम. मला दोन्ही दिसतं म्हणून ड्रम नको असं मला म्हणवत नाही.

बदलापूरकरीण

सगळ्यांना उत्तरं द्यायला उशीर झाला, ट्रेनमध्ये वाचत होते आणि दोनदा वाचलं सगळं.

ॲडमिनकर, तुम्ही सांगितलंत तसंच केलं, आमच्या ॲडमिनच्या दादाला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला ताई मला पण ती शीट बघवत नाहीये, माझ्या स्वतःच्या नावापुढे एक किलो साखर आहे. संध्याकाळपर्यंत नावांचे आणि मजल्यांचे कॉलम गेले. एचआरची मुलगी थोडी हिरमुसली, तिने मेहनत घेतली होती बिचारीने, तिला मी सांगितलं की संस्थेला विचारून सामानाची यादी बनव, ते काम तिने एका तासात केलं. आता ड्रमवर कागद लावलाय, मीठ, मसूर, मूगडाळ, तेल, हळद, साबण, पॅड्स, आणि खाली लिहिलंय की जेवढं जमेल तेवढं. मी मसूर एक किलो आणि मिठाची दोन पाकिटं टाकली. शंभर सव्वाशेच्या आसपास गेले असतील. कोणी पाहिलं नाही.

त्या चौदांपैकी दोघींचे नंबर होते माझ्याकडे. एकीला काल फोन केला. पाऊण तास बोलत होतो, तिला लागली आहे नोकरी, भिवंडीला, पगार कमी आहे पण लागलीय. दुसरीने उचलला नाही, परत करेन.

आणि रात्रपाळी दादा, मावशींना विचारलं, चहाच्या वेळी. त्या लांज्याच्या, दिव्याला राहतात भाड्याने, घरात त्या आणि मुलगा. कार्ड आहे त्यांचं, केशरी, प्राधान्यातलं, पण गावचं. गावी फक्त सासू आहे, ती तिच्या वाटणीचं धान्य घेते आणि या दोघांच्या वाटणीचं दोन वर्षं कोणी उचललेलंच नाही, कारण मुंबईत आपलं कार्ड चालत नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलंय. हे खरं आहे का? नाव इकडे ट्रान्सफर करावं लागेल का, आणि केलं तर सासूचं बंद होईल का, त्यांना तीच भीती आहे.

रात्रपाळी

नाही ताई, ट्रान्सफरची गरज नाही. वन नेशन वन रेशन कार्डखाली प्राधान्यवालं कार्ड कुठल्याही रेशन दुकानात चालतं, राज्यातल्या राज्यात तर चालतंच. कार्डावर १२ अंकी नंबर असतो तो आणि आधार घेऊन दिव्यातल्याच रेशन दुकानात जायचं, ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा. त्या आपल्या दोघांच्या वाटणीचं इथे उचलतील, सासूबाई त्यांचं तिथे उचलतील, बंद काही होत नाही. फक्त दोघांचं ई-केवायसी, म्हणजे आधारची पडताळणी, झालंय का ते आधी बघा, नसेल तर तेही दुकानातच मशीनवर होतं. आणि महिन्याच्या शेवटी जाऊ नका, दुकानदार माल संपला म्हणतो. मागची दोन वर्षं मात्र गेली ती गेली, ते मिळत नाही.

बदलापूरकरीण

कार्डाचा फोटो गावाहून मागवलाय, सासूबाईंच्या शेजारचा मुलगा पाठवतो म्हणाला. शनिवारी मावशींचा हाफ डे आहे, मीही दिव्याला उतरते, दुकानात बरोबर जाऊन येतो. काय झालं ते लिहिते इथे.